गाळलेल्या ओळी : एक

आमच्या मालकांना पक्ष्यांचा भारी नाद. कंपनीची सतरा मालवाहू जहाजं, आणि सतराच्या सतरा जहाजांना पक्ष्यांची नावं. धनेश, खंड्या, घार, बगळा, टिटवी. जहाजाला टिटवी हे नाव ठेवणाऱ्या माणसाने टिटवीचं ओरडणं कधी कान देऊन ऐकलं नसणार, असं मी पहिल्या दिवसापासून म्हणत आलो. पण मी इंधनाच्या टेबलावरचा कारकून, माझं कोण ऐकतो?

माझ्या शेजारचं टेबल ताईंचं. ताई म्हणजे कुणाच्याच सख्ख्या नव्हेत, अख्ख्या ऑफिसच्या ताई. चष्मा दोरीने गळ्यात, खुर्चीच्या पाठीवर बाराही महिने एक राखी स्वेटर, टाइप करणं तीन बोटांनी, आणि संगणक अडला की त्याला 'मेल्या' म्हणून एक चापट. चापटीने तो चालूही व्हायचा, हे कबूल केलं पाहिजे. माझ्या टेबलावरच्या यंत्राला मी कितीदा मारलं, ते ढिम्म हलायचं नाही.

त्यांचं काम दुपारच्या ओळींचं. प्रत्येक जहाजाने रोज दुपारी बाराला ऑफिसला एक ओळ पाठवायची: आधी जहाजाचं नाव, मग ठिकाण, वेग, उरलेलं इंधन आणि शेवटी शेरा. सतरा जहाजांच्या सतरा ओळी. ताईंनी त्या तपासायच्या, पत्रक करायचं आणि दीडच्या आत वर साहेबांच्या टेबलावर ठेवायचं. एखाद्याची ओळ एकपर्यंत आली नाही, तर सगळं सोडून साहेबांना गाठायचं. मग फोनाफोनी, मग शोध. समुद्रात गप्प बसलेलं जहाज म्हणजे काय, हे आमच्या ऑफिसात शिपायालाही सांगावं लागत नसे.

ताईंचे यजमान टिटवीवर इंजिनमिस्त्री होते. मी ताईंना ताई म्हणायचो म्हणून त्यांना भावोजी. नऊ महिने पाण्यावर, अडीच महिने घरी. घरी आले की तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांतले सगळे नळ दुरुस्त करायचे, मग शेजाऱ्यांचे, मग खालच्या मजल्याचे. शेवटच्या आठवड्यात नळ संपायचे आणि ते बॅगेकडे बघायला लागायचे. "कळतं रे मला," ताई सांगायच्या. "जेवताना सुद्धा तिरप्या डोळ्याने बॅग." मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत, आणि मी विचारण्याइतका गाढव नव्हतो.

त्यांना जगाकडून एकच गोष्ट हवी होती. भावोजींनी जहाज सोडून घरी यावं. बस्स. साडी नको, मोठं घर नको. एकदा डबा खाता खाता मी म्हटलं, "मग सांगा की त्यांना. तोंड आहे ना?"

"सांगितलं तर उद्या येतील," ताई म्हणाल्या. "आणि मग जन्मभर माझ्यासाठी आल्यासारखे खिडकीत बसतील. मला नको तसं. त्यांना स्वतःला वाटू दे. त्यांनी आपणहून विचारू दे."

मी म्हटलं, बसा वाट बघत. असली बोलणी तेव्हा मला फार हुशारीची वाटायची.

ही गोष्ट घडली तेव्हा जहाजावर आतासारखं इंटरनेट नव्हतं. बंदर लागलं की फोन, तोही रांगेत उभं राहून. फोनवर भावोजींची तीन वाक्यं ठरलेली. जेवलीस का, पाऊसपाणी काय म्हणतंय, ठेवतो. पण ताईंना एक सुख होतं, रोज दुपारी टिटवीची ओळ त्यांच्याच पडद्यावर यायची. इतक्या अंशांवर, इतक्या वेगाने, म्हणजे माणूस आज इथे आहे. टेबलाच्या काचेखाली त्यांनी एक नकाशा ठेवला होता, त्यावर बोट सरकवायच्या.

मग नियम आला. झालं असं की भांडारातल्या एका कारकुनाने आपल्या भावाच्या जहाजाची अर्धीमुर्धी बातमी घरी फोनवरून सांगितली. आई जागच्या जागी कोसळली, आणि भाऊ तिकडे ठणठणीत. साहेबांनी फर्मान काढलं: ज्याचं माणूस ज्या जहाजावर, त्या जहाजाचं नाव त्याच्या पडद्यावर दिसता कामा नये. कुठेही नाही. ताईंना त्यांनी दोन वाटा दिल्या. एक तर वरच्या मजल्यावर पगारपत्रकांत जा, नाहीतर इथेच बसा, पण टिटवीची ओळ गाळून. ती ओळ माझ्याकडे येईल; एकपर्यंत आली नाही तर मी साहेबांना गाठायचं, आली तर संध्याकाळी इंधनाच्या हिशोबासोबत वर द्यायची.

ताई म्हणाल्या, "इथेच बसते."

संगणक सांभाळणारी एक चुणचुणीत बाई होती, तिने ताईंना गाळणी कशी लावायची ते शिकवलं. पडद्याच्या वरच्या चौकटीत एक मंत्र लिहायचा. तो असा:

^(?!.*टिटवी).*$

मला ती चिनी लिपी वाटली. ताईंना मात्र दहा मिनिटांत उमगलं, आणि त्यांनी ते मला समजावून सांगितलं. ती टोपी म्हणजे ओळीची सुरुवात. कंसातलं प्रश्नचिन्ह आणि उद्गारचिन्ह म्हणजे 'पुढे हे असेल तर चालणार नाही'. टिंब आणि तारा म्हणजे मध्ये वाट्टेल ते, वाट्टेल तितकं. सगळं मिळून अर्थ एवढाच, की ज्या ओळीत कुठेही टिटवी असेल ती सोडून बाकीच्या सगळ्या दाखव.

"आणि ते टिंब-तारा काढलं तर?" मी विचारलं.

"तर टिटवीपासून सुरू होणारीच ओळ जाईल. पण साहेब म्हणाले, कुठेही नको. मग कुठेही नको."

स्वतःच्या नवऱ्याला पडद्यावरून घालवणारा मंत्र त्यांनी स्वतःच्या तीन बोटांनी लिहिला. मला राग आला. साहेबांचा, नियमाचा आणि थोडा ताईंचाही. मी असतो तर चार शब्द ऐकवले असते, असं मला वाटतं. नसतेही ऐकवले.

त्या का राहिल्या, हे मला आठवड्याभराने कळलं. पडद्याच्या अगदी तळाला, बारीक अक्षरांत, यंत्र हिशोब द्यायचं. दाखवलेल्या ओळी: सोळा. गाळलेल्या ओळी: एक. ताई ओळी तपासायच्या, पत्रक करायच्या, आणि मग चष्मा चढवून त्या तळाच्या 'एक'कडे बघायच्या. तो एक म्हणजे टिटवीची ओळ आली. ओळ आली म्हणजे जहाज तरंगतंय, इंजिन चालतंय, माणूस आहे. कुठे आहे ते नाही, कसा आहे ते नाही, पण आहे. मग स्वेटर खांद्यावर ओढून डबा उघडायच्या.

कधीमधी तिथे दोन यायचे. "आज बोलका दिसतोय माणूस," असं म्हणून ताई दिवसभर खुशीत असायच्या. माझ्याकडे टिटवीची ओळ एकच आलेली असायची. मी म्हणायचो, जाऊ दे, यंत्राची लहर असेल, त्यांच्या आनंदावर आपण कशाला विरजण घाला?

नऊ वर्षं हे चाललं. माझी गंमत बघा. हातभर अंतरावर त्यांचा नवरा रोज दुपारी माझ्या पडद्यावर हजर, आणि मी तोंडातून ब्र काढायचा नाही. ताई विचारायच्या नाहीत, पण चेहरा वाचायच्या. म्हणून मी चेहरा लाकडाचा करायला शिकलो. वादळ असो, ऊन असो, टिटवीची ओळ वाचताना चेहऱ्यावरची माशी हलली नाही पाहिजे. घरी बायको म्हणायची, "हल्ली तुम्ही हसता तरी कळत नाही."

आणि भावोजींना ताईंनी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. नियम आला त्याच महिन्यात बंदरावरून फोन आला, आणि ठरलेली तीन वाक्यं सोडून ते एक चौथं बोलले: "तू तिथे बसलेली असतेस म्हणून मला झोप लागते." त्यानंतर काय सांगणार?

तो दिवस मला तारखेसकट आठवतो, पण तारीख लिहीत नाही. साडेबारा झाले, माझ्याकडे टिटवीची ओळ नाही. पाऊण झाला, नाही. मी तिरक्या नजरेने शेजारी पाहिलं. ताई चष्मा चढवून तळाकडे बघत होत्या, आणि त्यांनी शांतपणे डबा उघडला. मी मान लांब करून पाहिलं. गाळलेल्या ओळी: एक.

माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, ओळ आलीय, माझंच यंत्र झोपलंय. ते झोपायचंच. मी त्याला एक चापट मारली आणि जेवलो. चांगला चवीने जेवलो, हे मी विसरू शकत नाही.

चारला साहेब जिन्यावरून धावत खाली आले. या माणसाला मी त्याआधी धावताना पाहिलं नव्हतं. खंड्याच्या कप्तानाने आणीबाणीचा रेडिओफोन लावला होता, आणि तो शिव्या देत होता. "दुपारी तुम्हाला लिहिलंय! तुम्ही करताय काय?" खंड्याने त्या दिवशी दोन ओळी पाठवल्या होत्या. एक नेहमीची, ती ताईंच्या पत्रकात होती. दुसरी होती: खंड्या, अमुक ठिकाण, शेरा: सकाळपासून टिटवीचा आवाज नाही, लवकर बघा.

त्या ओळीत टिटवी होतं, म्हणून ताईंच्या गाळणीने ती गाळली. तिची सुरुवात खंड्याने होती, म्हणून ती माझ्याकडे आली नाही, कारण माझ्याकडे फक्त टिटवीने सुरू होणाऱ्या ओळी यायच्या. ती दोघांच्या मधून निसटली. आणि तळाला जो एक दिसला, तो भावोजी असल्याचा नव्हता. भावोजींचं जहाज गप्प असल्याची बातमी होती ती. ताईंनी ती पाहून डबा उघडला, आणि मी त्यांना पाहून.

तीन तास गेले होते. साहेब कुणावर ओरडावं ते न कळून स्वतःवरच ओरडले. तारा गेल्या, फोन गेले, धनेश आणि घारीला मार्ग बदलायला सांगितलं. ताईंनी वरच्या चौकटीतला मंत्र एकेक अक्षर करत पुसला, टोपीपर्यंत. नऊ वर्षांनी त्यांच्या पडद्यावर सगळ्या ओळी होत्या, आणि त्यांत टिटवीची स्वतःची ओळ नव्हती.

"ताई, घरी जा," साहेब म्हणाले.

"घरी काय आहे?" ताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्या आधी खुर्चीत होत्या, आदल्या दिवशीच्याच साडीत. मी शेजारी बसलो. माफी मागायची होती, त्याऐवजी चहा आणून ठेवला. तो तसाच गार झाला. दुपारी दोनच्या सुमाराला धनेशची ओळ पडली. शेरा: टिटवी दिसली. आग विझलेली. वीज नाही, यंत्रं बंद. सगळे जिवंत. मिस्त्रींचे हात भाजले.

ताईंनी पडद्यावरच्या टिटवी या शब्दावर तळहात ठेवला आणि त्या रडल्या. अख्ख्या ऑफिसने पाहिलं, आणि अख्खं ऑफिस कपाटात काहीतरी शोधायला लागलं.

भावोजी घरी आले ते हातांना कोपरापर्यंत पट्ट्या बांधून, आणि कायमचे. डॉक्टरांनीच सांगितलं की या हातांनी आता इंजिन होणार नाही. म्हणजे ताईंना हवं होतं ते मिळालं, पण माणूस हात गमावून आला. त्याला मिळालं म्हणावं की काय म्हणावं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

महिन्याभराने ते सेवामुक्तीच्या कागदांसाठी ऑफिसात आले. वाळलेले, पण हसरे. माझ्या टेबलाच्या कडेला टेकले आणि एरवी तीन वाक्यांचा माणूस त्या दिवशी भरभरून बोलला.

"काय सांगू तुम्हाला," ते म्हणाले. "काळोख, धूर, रेडिओ गेलेला. पोरं रडकुंडीला आली. मी म्हटलं, अरे, घाबरता काय? माझी बायको बसलीय तिकडे. एक वाजला आणि आपली ओळ दिसली नाही, की ती ऑफिस डोक्यावर घेईल. घड्याळात एक वाजला तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं, सुटली बघा माणसं आपल्याला शोधायला. तेवढ्यावर रात्र काढली आम्ही."

ताई फाइलीची नाडी सोडत आणि बांधत होत्या.

"हो ना गं?" भावोजींनी विचारलं.

"मग?" ताई म्हणाल्या. "घेतलंच डोक्यावर. याला विचारा."

"घेतलं," मी म्हटलं. लाकडी चेहरा त्या दिवशी कामाला आला.

"आणि रोजचे शेरे वाचायचीस ना?" भावोजी जरा लाजले. "घरी आल्यावर विचारायला कधी धजलो नाही. कप्तानाला मस्का लावून घालायला लावायचो. एक कप्तान गेला की दुसऱ्याला सांगून जायचा, मिस्त्रींच्या घरचा शेरा विसरू नका म्हणून. तुझं उत्तर यायचं नाही, ते ठीकच. नियम असणार तुमचे. पण वाचतेयस, एवढं पुरे होतं."

"वाचायचे की," ताई म्हणाल्या.

शिपाई त्यांना वर साहेबांकडे घेऊन गेला. सही करता येत नव्हती म्हणून अंगठ्यासाठी दोन साक्षीदार लागणार होते, वेळ लागणार होता. जिन्यावरची पावलं थांबेपर्यंत ताई हलल्या नाहीत. मग माझ्याकडे वळल्या.

"कसले शेरे रे?"

मी काय सांगू? शेरे मला माहीत होते. नऊ वर्षं वाचले होते. 'समुद्र शांत. मिस्त्री विचारतात, गच्चीवरची तार बदलली का.' 'पाऊस. मिस्त्री म्हणतात, गुडघ्याला तेल लावत जा.' मला ती कप्तानांची रिकामटेकडी करमणूक वाटायची. इंधनाच्या टेबलावर इंधन सोडून दुसरं काही आलं की माझं डोकं फिरायचं. एकदा तर मी उलट कळवलं होतं की शेऱ्यात फालतू मजकूर नको. त्यानंतर ते आखूड झाले, पण थांबले नाहीत. ते कुणासाठी आहेत हे न कळायला मी काय दूधखुळा होतो? की कळून घ्यायचं नव्हतं, कारण कळलं असतं तर गप्प बसणं जड गेलं असतं?

भावोजी आता कुठल्याच जहाजावर नव्हते, म्हणजे नियमही उरला नव्हता. मी माझ्या यंत्रावर टिटवीच्या जुन्या ओळी काढल्या आणि खुर्चीतून उठलो. ताई बसल्या. "लवकर वाचायला हवं," त्या म्हणाल्या. "घरी विचारतील, अमुक आठवतंय का म्हणून." आणि परीक्षेला बसलेल्या मुलीसारख्या ओठ हलवत वाचायला लागल्या.

वाचता वाचता त्या पडद्याला उत्तरं द्यायला लागल्या. तार बदलली, अहो, कधीचीच बदलली. गुडघा बरा आहे. नाही, शेजारच्यांनी पुन्हा नळ तोडला. एका ओळीत लिहिलं होतं, मिस्त्रींनी डॉल्फिन पाहिले आणि तुमची आठवण काढली. तिथे त्या खुदकन हसल्या. मी त्यांच्यामागे उभा होतो. अजून सहा वर्षांच्या ओळी पुढे होत्या, आणि त्यांत काय आहे ते मला एकाएकी आठवलं.

मी म्हटलं, "ताई, राहू द्या, ते येतील खाली."

पण त्या तिथे पोचल्या होत्या. ओळ अशी होती: टिटवी, ठिकाण, वेग, इंधन, शेरा: मिस्त्री विचारतात, आता बस करू का. हो म्हणालात तर याच बंदरात उतरतो.

त्या ओळीखाली ऑफिसचं उत्तर नोंदलेलं होतं. ते मीच पाठवलं होतं. सेवामुक्तीसाठी विहित नमुन्यात अर्ज करावा. तीन दिवसांनी टिटवीने ते बंदर सोडलं होतं, आणि पुढच्या ओळीत शेऱ्याची जागा कोरी होती.

ताईंनी ती ओळ किती वेळा वाचली कोण जाणे. ओठ मात्र हलत नव्हते.

"मी पाठवलं ते," मी म्हटलं. "मला वाटलं, ऑफिसला विचारतायत."

ताई रागावल्या असत्या, तीन बोटांची चापट मला मारली असती, तर मी आयुष्यभर उपकार मानले असते. त्यांनी कळफलक पुढे ओढला, सहा वर्षांपूर्वीच्या त्या ओळीच्या शेवटी ती लुकलुकणारी उभी रेघ नेऊन ठेवली आणि लिहिलं: हो.

जुन्या नोंदींत काही लिहिता येत नाही. यंत्राने टुण्‌ असा आवाज केला आणि अक्षर घेतलं नाही. ताईंनी पुन्हा लिहिलं. पुन्हा तोच आवाज. जिन्यावर भावोजींचा आवाज येत होता, शिपायाला काहीतरी सांगून हसत होते, आणि ताई लिहीतच होत्या.